धाकट्याची टीम

धाकट्याने टीम घेतल्याची बातमी दादांना कळली ती जेवणाच्या ताटावर. सुट्टीचा दिवस होता. धाकटा न कळवता आला, हात धुतले, वहिनींनी वाढलेल्या ताटावर बसला आणि दुसऱ्याच घासाला म्हणाला, "दादा, टीम घेतली."

"कसली टीम?"

"क्रिकेटची. लीगमध्ये दोन नव्या टीम येणार होत्या ना, त्यातली एक. आपल्या शहराची."

दादांचा घास हातातच राहिला. धाकट्याचा धंदा रंगाचा. भिंतींचे, दारांचे, पत्र्यांचे रंग. एका बोळातल्या गाळ्यात काठीने डबे ढवळण्यापासून सुरुवात करून त्याने कारखाना उभा केला होता, हे खरं. पण टीम म्हणजे दारी हत्ती बांधणं. झुलताना छान दिसतो, रोज खातो किती ते पोसणाऱ्यालाच कळतं.

"कशाला रे?" दादा म्हणाले.

"कशाला म्हणजे? तुझ्यासाठी."

आता 'तुझ्यासाठी' म्हटल्यावर समोरच्याने काय बोलावं? दादा उभं तारुण्य राज्याच्या संघात यष्टींमागे वाकून उभे राहिले होते. देशाच्या शिबिराला एकदाच बोलावणं आलं, आणि तिथूनही आठवड्याभरात परत पाठवलं. पुढे पाणीपुरवठा खात्यातली नोकरी, निवृत्ती आणि झिजलेले गुडघे. शिबिरातून ते परत आले त्या दिवशी घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. शाळकरी धाकटा तेवढा मागच्या जिन्यावर बसून हमसून हमसून रडला होता. त्याचं ते रडणं इतकी वर्षं मुरलं आणि त्याची टीम झाली, असं दादांना वाटलं. त्यांना थोडं वाईट वाटलं, थोडं बरंही वाटलं.

वहिनींनी मात्र सरळ विचारलं, "नाव काय ठेवलंत भावजी?"

"गेंडे."

"अगं बाई! दुसरं जनावर नाही मिळालं?"

"बाकी सगळी आधीच गेली होती, वहिनी. वाघ, सिंह, गरुड, काही शिल्लक नव्हतं."

"असू दे. मालकाची कातडीही तशीच लागणार आहे," वहिनी म्हणाल्या आणि तिघंही हसले.

दादा क्रिकेटचे संचालक झाले. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर त्यांना काचेची खोली मिळाली, फिरती खुर्ची मिळाली. खुर्ची जरा टेकलं की मागे पळायची, म्हणून दादा तिच्यावर फक्त चहापुरते बसत. बाकीचा वेळ खाली, नेटमध्ये.

पहिल्या वर्षी नावाजलेले खेळाडू इतरांनी उचलले होते. दादांच्या वाट्याला आली ती उरलीसुरली माणसं. कुणाचा खांदा गेलेला, कुणाचं वय झालेलं, कुणाला आधीच्या टीमने वर्षभर पाणी वाटायला ठेवलेलं. दादांची निवडायची एक पद्धत होती. चेंडू ज्याच्याकडे जात नाही, त्याच्याकडे ते बघत बसत. फलंदाज दुसऱ्या टोकाला मारतो तेव्हा हा काय करतो? कमरेवर हात ठेवून उभा राहतो, की दोन पावलं सरकतो? सरकणारे त्यांनी घेतले.

त्यांतलाच एक मामा. डावखुरा फलंदाज, टोपी काढली की टक्कल चमकायचं, आणि वयाने इतका मोठा की बाकीची पोरं त्याला पहिल्या दिवसापासून मामा म्हणायला लागली. त्याच्या किटबॅगमध्ये बॅटीच्या बरोबरीने सुईदोरा, पोटदुखीच्या गोळ्या आणि जादा मोजे असत. कुणाचं बटण तुटो की मन, मामा बसून शिवून द्यायचा. दादांनी त्याला कप्तान केलं तेव्हा वर्तमानपत्रांनी टिंगल केली. धाकट्यालाही ते रुचलं नव्हतं, पण तो म्हणाला, "तू म्हणतोस ना? मग झालं."

पहिल्या वर्षी गेंडे शेवटून पहिले आले. दुसऱ्या वर्षी मधे कुठेतरी. तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात.

त्या सामन्याचं शेवटचं षटक पुढे कितीतरी दिवस लोक एकमेकांना सांगत होते. समोरच्यांना थोड्याच धावा हव्या होत्या आणि शेवटच्या जोडीत त्यांचा सगळ्यात दांडगा फलंदाज खेळत होता. बाकावरून सगळे खुणा करत होते, वेगवान गोलंदाजाला दे, वेगवान गोलंदाजाला दे. मामाने दादांकडे पाहिलं. दादांनी मुद्दाम बुटाच्या नाड्यांकडे पाहिलं. तुझं तू बघ. मामाने चेंडू दिला फिरकीवाल्या मुक्याला. मुका काही मुका नव्हता, बोलायचा कमी इतकंच. सीमारेषेवर एक पोरगं उभं होतं, ते सारखे तळहात पँटला पुसत होतं. मामाने त्याला जवळ बोलावून घेतलं आणि स्वतः तिथे जाऊन उभा राहिला. मुक्याने चेंडू हवेत सोडला, दांडगोबाने तो आभाळात उडवला, आणि तो खाली आला तो मामाच्या ओंजळीत. मामा मागे पडला, टोपी एकीकडे, टक्कल एकीकडे, पण चेंडू छातीशी घट्ट.

धाकटा कडक इस्त्रीच्या कपड्यांत मैदानावर धावत सुटला. त्याचे बूट ओल्या गवतावर घसरले, तो सपशेल आपटला, उठला, आणि दादांच्या गळ्यात पडला. "झालं ना रे दादा? झालं ना?"

"झालं रे बाबा, झालं."

इथेच थांबावं, असं दादांना त्या क्षणी वाटलं होतं. पण थांब म्हणणार कुणाला? सगळं शहर रस्त्यावर होतं.

हार माणसाला कशीबशी पचते, जीत पचायला जड. दुसऱ्याच आठवड्यात चौकाचौकात फलक लागले. धाकटा हातात कप घेऊन हसतोय आणि त्याच्या मागे, नखाएवढे, खेळाडू. वहिनींनी रिक्षातून एक फलक पाहिला आणि घरी येऊन म्हणाल्या, "अहो, कप भावजींच्या हातात आहे. मामाला शोधायला मला भिंग लागलं."

"पैसा त्याचा, फलकही त्याचा," दादा म्हणाले.

"आणि झेल कुणाचा?"

दादांना वाटलं, हौस आहे, फिटेल.

हौस फिटली नाही, तिला पालवी फुटली. धाकटा आता वरच्या खोलीत बसेना, खेळाडूंच्या बाकावर येऊन बसायला लागला. मग त्याचे फोन यायला लागले. चालू सामन्यात प्रशिक्षकाचा फोन वाजायचा आणि तो दादांकडे केविलवाणं बघून म्हणायचा, "शेठ म्हणतात याला वर पाठवा, त्याला खाली." कारखान्यातल्या माणसांना धाकट्याची सही मिळेना, कारण धाकटा सरावाला. सरावात खेळाडूंना श्वास घेता येईना, कारण धाकटा तिथेच. चौथ्या वर्षी त्याने जुनी माणसं सोडून दिली आणि नावाजलेली घेतली. मुका गेला. त्याला निरोपही कुणी धड दिला नाही. आला एक हिरो. खेळायचा झकास, पण चेंडू त्याच्याकडे नसला की तो केस नीट करायचा.

मामा राहिला, कारण दादांनी तेवढा एक हट्ट धरला. पण हिरोच्या टीमला मामा कोण? सुईदोरा कुणी मागेना. लागोपाठ तीन सामने हरले, आणि धाकटा दादांच्या काचेच्या खोलीत आला.

"दादा, मामाला उतरवायचं."

"तो कप्तान आहे."

"म्हणून तर. हिरोला कप्तान करतो. सगळ्यांना तेच हवंय."

"हंगाम तर संपू दे."

"हंगाम संपेपर्यंत आपण संपू. आणि हे बघ, तू सांग त्याला. मी सांगितलं तर मालकाने हाकलला असं होईल. तुझं तो ऐकतो." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आजवर तुझ्याकडे काही मागितलंय का मी?"

नव्हतं मागितलं. तीच तर अडचण होती. दिलं होतं फक्त.

दादा हॉटेलवर गेले तेव्हा दुपार होती. मामा पलंगावर टॉवेल अंथरून स्वतःचा टीमचा शर्ट इस्त्री करत होता. हॉटेलचे लोक कॉलर पिवळी करतात अशी त्याची तक्रार असे. दादा खुर्चीत बसले. गुडघे कुरकुरले.

"बोला दादा. चहा सांगू?"

"नको." दादांनी घसा साफ केला. "मामा, उद्यापासून तू बाहेर बस. कप्तान हिरो."

इस्त्री थांबली. मामाने ती उभी करून ठेवली, बटण बंद केलं.

"शेठ म्हणाले?"

खरं सांगायचं तर इथे एका शब्दाचं काम होतं. हो. पण दादांच्या डोळ्यांपुढे आला जिन्यावर बसून रडणारा शाळकरी पोरगा. त्याच्या नावाने मामाने बाहेर जाऊन बोटं मोडावीत, पोरांनी त्याला शिव्या घालाव्यात, हे त्यांना सोसवेना.

"नाही," ते म्हणाले. "माझा निर्णय आहे. तुझी नजर मंदावली आहे, मामा. चेंडू तुला उशिरा दिसतो."

मामाने शर्टाची कॉलर बोटांनी सारखी केली. मग म्हणाला, "शेठ म्हणाले असते तर भांडलो असतो. पण तुम्ही म्हणता म्हणजे काहीतरी दिसलंच असणार." आणि त्याने शर्टाची नीट घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मामा बाहेर बसला नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. पत्रकारांसमोर हसून सगळ्यांचे आभार मानले आणि संध्याकाळच्या गाडीने गावी निघून गेला. दादा त्याला पोचवायला गेले नाहीत. ताप आलाय म्हणून ते पडून राहिले. वहिनींनी कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं. पांघरूण सारखं करून त्या निघून गेल्या.

पुढची घसरण सांगण्यासारखी नाही, ती कुठल्याही घसरणीसारखीच होती. हिरोने एक हंगाम नेतृत्व केलं आणि जास्त झगमगाट दिसला तिकडे उडाला. पाच महिन्यांत तीन प्रशिक्षक झाले. स्टेडियमच्या पायऱ्यांवर मधेमधे रिकामं दिसू लागलं, मग नुसत्या पायऱ्याच दिसू लागल्या. तिकडे कारखान्यात कुणीतरी मालात भेसळ केली, तपासायला मालक जागेवर नव्हता, आणि शहरातल्या नव्याकोऱ्या इमारतींवरून धाकट्याच्या रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. लोक म्हणायचे, "गेंड्याने कात टाकली!" जे लोक कालपरवा त्याच्याबरोबर फोटो काढून घेत होते, तेच म्हणायचे.

एकदा दादा कारखान्यात गेले आणि म्हणाले, "विकून टाक टीम. कारखाना वाचव."

धाकटा उसळला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. "विकून टाक म्हणे! कुणासाठी घेतली होती? तुझ्यासाठीच ना?"

दादांना वाटलं होतं, हे वाक्य कधीतरी यायचंच. ते आलं तेव्हा त्यांना रागही आला नाही, नुसता थकवा आला. खाली बसावंसं वाटलं.

"पहिली तीन वर्षं माझ्यासाठी होती," ते म्हणाले. "त्यांचे उपकार मरेपर्यंत विसरणार नाही. नंतरची तुझ्यासाठी होती, बाळा. त्यांचं ओझं माझ्या डोक्यावर देऊ नकोस. मला आता उचलवत नाही."

दोघं भाऊ त्यानंतर बरेच महिने बोलले नाहीत. बोलणं व्हायचं ते वहिनींमार्फत, आणि वहिनी दोघांचेही निरोप अर्धे गाळून पोचवायच्या, म्हणून निदान भांडण वाढलं नाही.

लीगने शेवटी टीमची मान्यता काढून घेतली. गेंडे संपले. स्टेडियमची खोली रिकामी करायच्या दिवशी धाकटा एकटाच खोक्यांत सामान भरत होता. दादा जिना चढून आले, एका एका पायरीवर थांबत. धाकट्याने पाहिलं, ती फिरती खुर्ची पुढे केली आणि दादा बसेपर्यंत तिची पाठ धरून ठेवली. मग दोघांनी मिळून खोकी भरली. काम संपल्यावर धाकटा खिडकीशी उभा राहिला.

"दादा, मामाला भेटायला जायचंय मला."

"कशाला?"

"माफी मागायला. बाकी सगळ्यांचं काही ना काही करता आलं. त्याचं तेवढं राहिलंय. तू येशील बरोबर? एकट्याने मला तोंड दाखवायची लाज वाटते."

हॉटेलच्या खोलीत आपण काय बोललो, ते दादांनी धाकट्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्या वेळी सांगवलं नाही, मग अबोला पडला. आताही जीभ उचलेना. ते नुसतं "येतो" म्हणाले.

मामाने गावी मोटार शिकवण्याची शाळा काढली होती. ते पोचले तेव्हा तो अंगणात एका घाबरट बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होता. "बाई, आरशात बघा, माझ्याकडे नका बघू, मी कुठे पळून चाललोय?" पाहुणे दिसताच त्याने बाईंना तिथेच सोडलं आणि धावत आला. पूर्वीपेक्षा अंगाने भरला होता. दादांच्या पाया पडायला वाकला, त्यांनी मधेच धरला. धाकट्याशी त्याने हात मिळवला, थोडा अवघडून, पण मनापासून.

घरात चहा आला. मामाची बायको चौकशी करून आत गेली. धाकट्याने कप खाली ठेवला, पुढे सरकून बसला, दोन्ही हात एकमेकांत गुंतवले. दादांनी डोळे मिटून घेतले.

"मामा," धाकटा म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय. कप्तानपदाचं..."

"अहो शेठ, ते काय आता!" मामाने हात उडवला. "खरं तर मीच दादांना बोलवून सांगणार होतो. त्या दिवशी फार लागलं मला, खोटं कशाला बोलू. पण घरी आलो, डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यात पडदा धरायला लागलाय. वेळीच इलाज झाला. अजून एक हंगाम खेळलो असतो तर तोंडावर चेंडू बसला असता. माझ्या बायकोला विचारा, ती रोज दादांचं नाव घेते. जे मला कळलं नाही, डॉक्टरला यंत्र लावून कळलं, ते यांना बाकावरून दिसलं. ते निर्णय घ्यायला कचरले असते तर मी आज या गाडीत बसलो नसतो."

बाहेर त्या बाईंनी गाडी कशाला तरी टेकवली असावी, एक ठोका ऐकू आला.

धाकटा वळून दादांकडे बघत होता. त्याला सगळं समजलं होतं, हे दादांना त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. हॉटेलच्या खोलीत काय झालं, कुणी कुणाला झाकलं, सगळं. त्याचे ओठ हलले. आता हा बोलणार. माफी मागितल्याशिवाय याला झोप लागायची नाही, आणि मागितली की मामाने इतकी वर्षं ज्याचा आधार धरला ते मोडणार. दादांनी मान हलवली. जेमतेम, नाही म्हणण्याइतकी.

धाकट्याने तोंड मिटलं.

"काय सांगत होता शेठ?" मामा म्हणाला.

"हेच की..." धाकटा थांबला. "तुम्ही कप्तान होता तेव्हाच ती टीम होती. नंतर नुसती माणसं होती. एवढंच सांगायला आलो होतो."

मामा ओशाळून हसला, डोक्यावरून हात फिरवला, आणि गाडीचं काय झालं ते बघायला बाहेर पळाला.

परतताना धाकटा गाडी चालवत होता. गाव मागे पडलं, शेतं गेली, एक पूल गेला.

"खरंच दिसलं होतं तुला? डोळ्याचं?" धाकट्याने विचारलं.

"छे. तोंडाला आलं ते बोललो."

"म्हणजे माझ्यासाठी."

"हो."

धाकट्याने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. स्टिअरिंगवर हात ठेवून तो समोर बघत राहिला. "मला सांगायचं होतंस रे दादा. एकदा तरी कानाखाली वाजवायची होतीस."

"वाजवायला हवी होती," दादा म्हणाले. "फार लाडका होतास."

धाकट्याला रडू फुटेल असं दादांना वाटलं, पण त्याने फक्त बाहीने तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली. पुढे कारखान्याचं बोलणं निघालं. अर्धा भाग विकून तो छोटाच चालवायचा, मालाची प्रत्येक खेप स्वतः तपासायची, असं त्याने ठरवलं होतं. दादांनी ऐकून घेतलं. सल्ला दिला नाही, त्याने मागितलाही नाही.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. वहिनींनी दार उघडलं, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पाणी आणायला आत गेल्या. पाणी घेऊन येईपर्यंत धाकटा बूट न काढताच सोफ्यावर कलंडला होता आणि त्याला गाढ झोप लागली होती. तोंड उघडं, एक हात खाली लोंबकळत.

"उठवू का? जेवून झोपू देत," वहिनी म्हणाल्या.

"राहू दे," दादा म्हणाले. ते गुडघे धरून हळूहळू खाली बसले आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.